भुसावळच्या बंद घरात ईआरव्ही: बसवणं आणि हवेचं बॅलन्सिंग

प्रश्न थोडक्यात असा: भुसावळला १३०० चौरस फुटांचं, तीन बेडरूमचं बैठं घर नव्याने बांधलं आहे. खिडक्या यूपीव्हीसीच्या, घट्ट बसणाऱ्या. तिन्ही बेडरूममध्ये स्प्लिट एसी. रात्री दारं-खिडक्या लावून झोपलं की सकाळी खोलीत कोंदट वाटतं, म्हणून ताशी २५० घनमीटर क्षमतेचं ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, बाहेरची ताजी हवा आत आणणारं यंत्र) घेतलं आहे. फॉल्स सीलिंगचं काम आता सुरू होईल. यंत्र कुठे बसवायचं, पाइप कोणते घ्यायचे, बॅलन्सिंग नेमकं कसं करतात, आणि लाइट गेल्यावर ते इन्व्हर्टरवर चालेल का?

फॉल्स सीलिंगच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. ईआरव्हीची निम्मी दुखणी यंत्रात नसतात, ती पीओपीच्या वर दडलेल्या पाइपात असतात. सीलिंग बंद झालं की तिथे हात पोचत नाही.

कोंदटपणाचं कारण साधं आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात साधारण ४२० भाग असतो. घट्ट बंद बेडरूममध्ये दोन माणसं रात्रभर झोपली की तो २००० च्या वर सहज जातो. ईआरव्हीत दोन पंखे असतात. एक बाहेरची हवा आत ढकलतो, दुसरा घरातली हवा बाहेर काढतो. दोन्ही प्रवाह कोअरमधल्या, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातल्या, पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी जातात. हवा एकमेकींत मिसळत नाही, पण उष्णता आणि बाष्प पडद्यातून पलीकडे जातं. म्हणजे मे महिन्यात आत येणारी हवा जाणाऱ्या गार हवेमुळे थोडी निवते आणि पावसाळ्यात तिच्यातलं बरंचसं बाष्प जाणाऱ्या हवेबरोबर बाहेर पडतं.

ईआरव्ही स्वतःहून हवा थंड करत नाही आणि कोरडीही करत नाही, हेही आताच ध्यानात घ्या. श्रावणात एसी बंद ठेवून नुसतं ईआरव्ही चालवलं तर घरातला दमटपणा हळूहळू बाहेरच्याइतका होणार. घर एसीने कोरडं ठेवलेलं असेल तरच त्या कोरडेपणाची राखण ईआरव्ही करतं.

किती हवा लागेल

हिशेबासाठी अ‍ॅश्रे ६२.२ या घरातल्या हवेबाबतच्या अमेरिकी मानकाचं सूत्र पुरेसं आहे: चौरस फुटांना ०.०३ ने गुणा आणि त्यात (बेडरूम + १) गुणिले ७.५ मिळवा. तुमच्या घराला ३९ अधिक ३०, म्हणजे ६९ सीएफएम (मिनिटाला घनफूट). एक सीएफएम म्हणजे ताशी १.७ घनमीटर, तेव्हा साधारण १२० घनमीटर. यंत्र २५०चं आहे, म्हणजे ते निम्म्या क्षमतेवर चालेल. हे चांगलंच आहे. आवाज कमी राहील, फिल्टर भरत आला तरी हवा पुरेल आणि घरी पाहुणे जमले की वेग वाढवायला जागा राहील. पाटीवरचा आकडा ठरावीक दाबाला मोजलेला असतो. पाइप, जाळी आणि फिल्टर लागल्यावर तेवढी हवा कधीच मिळत नाही.

खानदेशात ही हवा कधी महाग पडते, याबद्दल लोकांचा अंदाज चुकतो. सगळे मे महिन्याला घाबरतात. बाहेर ४४ आणि आत २६ अंश धरले तर ताशी १२० घनमीटर हवेमागे एसीवर सुमारे ०.६६ किलोवॅटचा बोजा येतो. आता ऑगस्ट घ्या. बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के, आत २५ अंश आणि ५५ टक्के. तापमानातला फरक नावापुरता, पण त्याच हवेबरोबर दर तासाला साधारण १.३ लिटर पाणी बाष्परूपाने घरात येतं. ते पिळून काढायला एसीला सुमारे ०.९ किलोवॅट मोजावे लागतात. म्हणून फक्त उष्णता परतवणारं एचआरव्ही आपल्याकडे अपुरं पडतं, बाष्प अडवणारा कोअर हवाच. मेमध्ये तोच कोअर उलटंही काम करतो. बाहेरची हवा रखरखीत कोरडी असते, तेव्हा घरातला ओलावा तो आत राखतो आणि सकाळी घसा कोरडा पडत नाही.

यंत्र आणि त्याची चार तोंडं

यंत्राची जागा पॅसेजच्या सीलिंगमध्ये धरा, बेडरूमच्या डोक्यावर नको. वजन साधारण २० ते २५ किलो असतं. स्लॅबला चार ८ मिलीमीटरचे अँकर फास्टनर, त्यांना थ्रेडेड रॉड आणि खाली रबराचे पॅड. रॉड घट्ट आवळून खोकं स्लॅबला चिकटवू नका, खाली लोंबतं राहू द्या, नाहीतर पंख्याची घरघर स्लॅबमधून साऱ्या घरात ऐकू येईल. यंत्र आणि पाइप यांच्यामध्ये कॅनव्हासचा किंवा रबराचा जोड घाला.

फिल्टर आणि कोअर ज्या बाजूने बाहेर निघतात, नेमक्या त्याच बाजूला सीलिंगमध्ये किमान ४५० बाय ४५० मिलीमीटरचं ट्रॅपडोअर ठेवा आणि कोअर पूर्ण ओढता येईल इतकी मोकळी जागा सोडा. पीओपीवाला सोयीचं पाहून ट्रॅपडोअर मध्यभागी कापतो, मग पहिल्या सफाईला सीलिंग फोडावं लागतं. कोअर हातात धरून, बाहेर काढून दाखवा आणि मगच त्याला माप द्या.

यंत्रावर चार तोंडं असतात: ओए म्हणजे बाहेरून येणारी ताजी हवा, एसए म्हणजे खोल्यांकडे जाणारी (सप्लाय), आरए म्हणजे खोल्यांतून परत येणारी (रिटर्न) आणि ईए म्हणजे बाहेर टाकायची. पाइप जोडण्याआधी प्रत्येक तोंडावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ओए आणि ईए उलटे जोडले गेलेले सापडतात, कारण भिंतीतून आलेले दोन्ही पाइप दिसायला सारखेच. यंत्र सुरू केल्यावर बाहेरच्या दोन्ही तोंडांशी टिश्यू पेपर धरून बघा: एकाकडे तो ओढला जायला हवा, दुसऱ्याकडून उडायला हवा.

बाहेरची दोन्ही तोंडं एकाच भिंतीवर आणि एकमेकांपासून किमान ३ मीटर लांब असावीत. वेगवेगळ्या भिंतींवर घेतली तर वारा सुटला की एकावर दाब आणि दुसऱ्यावर ओढ बसते आणि जमवलेलं बॅलन्स त्या दिवसापुरतं बिघडतं. भिंत उत्तरेची किंवा पूर्वेची निवडा. पश्चिमेकडून पावसाची झड येते आणि उन्हाळ्यात तीच भिंत तापते. ताज्या हवेचं तोंड जमिनीपासून २ मीटर तरी वर, एसीच्या आउटडोअर युनिटपासून, चिमणीच्या पाइपापासून, गाडी उभी राहते तिथून आणि संडासाच्या व्हेंट पाइपापासून दूर. गच्चीवर घेऊ नका. मेमध्ये दुपारी गच्चीलगतची हवा भिंतीच्या सावलीतल्या हवेपेक्षा बरीच तापलेली असते, तीच तुम्ही घरात ओढाल.

तोंडाला पाऊस अडवणारी टोपी (काउल) आणि ६ मिलीमीटरची जाळी लावा. मच्छरजाळी नको. भुसावळ-जळगाव पट्ट्यात जिनिंग सुरू झाली की हवेत कापसाचे पुंजके तरंगतात आणि बारीक जाळी त्यांनी आठवड्यात नमद्यासारखी गच्च होते. त्यात रस्त्याची धूळ, आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राकडून वारा असला तर राख. यावर उपाय म्हणजे ओएच्या पाइपात, युटिलिटीच्या भिंतीवर हाताला येईल अशा उंचीवर, धुता येणाऱ्या जी४ फिल्टरचा एक वेगळा डबा बसवणं. जाड धूळ तिथेच अडते आणि यंत्रातला बारीक फिल्टर (एफ७ असेल तर उत्तम) बरेच महिने टिकतो. घरातल्या कुणालाही शिडी न लावता तो डबा उघडता आला पाहिजे. नाहीतर सफाई होत नाही.

भिंतीत भोक कोअर कटिंगनेच (गोल ड्रिलने) पाडा, छिन्नी-हातोड्याने नको. लिंटेल आणि बीम टाळा. पाइपाला बाहेरच्या बाजूला दर मीटरला २० मिलीमीटर उतार द्या. झडीचं पाणी किंवा पाइपात सुटलेला घाम बाहेरच गेला पाहिजे.

पाइप

फ्लेक्सिबल डक्ट स्वस्त आणि झटपट होतो, पण घरगुती ईआरव्हीत सर्वांत जास्त हवा तोच खातो. न ताणता सुरकुत्या ठेवून टाकला किंवा बीमखाली दाबून नेला की विरोध कैक पट वाढतो. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठी वापरतात तो) पीव्हीसी पाइप वापरा. जळगाव जिल्ह्यात पीव्हीसी पाइप कुठल्याही गावात मिळतो, प्लंबरला जोडता येतो, आतून गुळगुळीत असतो आणि रबर रिंगच्या सांध्यातून हवा गळत नाही. रिंगचेच सांधे घ्या, सोल्व्हंटचे नकोत. सोल्व्हंटचा वास बरेच दिवस खोल्यांत येत राहतो. ९० अंशाच्या एका एल्बोऐवजी ४५चे दोन घाला. फ्लेक्सिबल फक्त यंत्राजवळच्या शेवटच्या फुटा-दोन फुटांत, आणि तोही पूर्ण ताणून.

यंत्राकडे येणारे-जाणारे मुख्य पाइप १६० मिलीमीटरचे. ताशी १२० घनमीटरला त्यात वेग सेकंदाला १.८ मीटर येतो, म्हणजे आवाज जवळजवळ नाही. खोल्यांकडे जाणारे ११० मिलीमीटरचे. एसएवर यंत्रापाशीच पत्र्याचा एक डबा करा आणि चारही खोल्यांचे पाइप त्याच डब्यातून सुरू करा. प्रत्येक पाइपाच्या सुरुवातीला स्क्रूने पक्का करता येणारा डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप. ग्रिलपाशी डॅम्पर लावला तर तो शिट्टी वाजवतो. शिवाय डब्यापाशी लावले की चारही डॅम्पर एकाच ट्रॅपडोअरमधून हाताला येतात. रिटर्नच्या दोन पाइपांनाही असंच करा.

इन्सुलेशनवर पैसे वाचवू नका. घर बैठं आहे, स्लॅबवर थेट ऊन. सीलिंगच्या वरची पोकळी मेमध्ये तापलेली असेल. ओए आणि ईएच्या पाइपावर १९ मिलीमीटर नायट्रिल रबर, आतल्या पाइपांवर १३ मिलीमीटर, सांध्यांवर टेप. पावसाळ्यात दुसरं कारण पुढे येतं: बाहेरची हवा साधारण २५ अंशांच्या खाली गेली की तिच्यातून पाणी सुटतं. एसी चालू असलेल्या घरात सीलिंगची पोकळी तितकी गार होऊ शकते. उघड्या ओए पाइपात मग आतून घाम साचतो आणि धूळ चिकटून बुरशीचा वास येऊ लागतो.

हवेचं वाटप असं धरा. सप्लाय: मोठी बेडरूम ३५, उरलेल्या दोन २५-२५, हॉल ३५, एकूण १२० घनमीटर. रिटर्न: पॅसेजमधून ५०, जेवणाच्या जागेच्या बाजूने ६५, एकूण ११५. हॉलचा सप्लाय खिडकीच्या टोकाला आणि रिटर्न स्वयंपाकघराच्या टोकाला, म्हणजे हवा हॉल ओलांडून जाईल. बेडरूममधला सप्लाय एसीच्या तोंडासमोर सोडू नका, एसीच्या सेन्सरला खोलीचं तापमान चुकीचं कळतं.

रिटर्न गॅसच्या शेगडीपासून ३ मीटर लांब हवा. आपल्या शेवभाजीच्या फोडणीचा तेलकट धूर कोअरला चिकटला तर तो कधीच निघत नाही. स्वयंपाकघराला त्याची चिमणी वेगळीच हवी. न्हाणीघरालाही टायमरचा वेगळा एक्झॉस्ट पंखा ठेवा. विशेषतः कोअर कागदी असेल तर न्हाणीची वाफ त्यात सोडूच नका. देवघरात रोज धूप जळत असेल तर तिथेही रिटर्न नको.

आता अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. बेडरूममध्ये सोडलेली हवा पॅसेजमधल्या रिटर्नपर्यंत दाराखालून जाते. दार बंद असताना खाली २० मिलीमीटर फट पाहिजे. ३० इंची दाराला एवढ्या फटीतून ३५ घनमीटर हवा साधारण १ पास्कलच्या दाबात निघून जाते. पण आपल्याकडे मार्बलचा उंबरठा बसवतात, त्यावर दार घासून बसतं आणि वर पायपुसणं. मग खोली फुगते, सप्लाय कमी होतो आणि दोष यंत्राला जातो. सुताराला दारं कापायला सांगताना उंबरठा बसल्यानंतरचं माप द्या. फट नकोच असेल तर दाराच्या वर तेवढ्याच क्षेत्रफळाचं ग्रिल करा.

बॅलन्सिंग

दोन गोष्टी जमवायच्या आहेत: एकूण आत येणारी आणि एकूण बाहेर जाणारी हवा जवळजवळ सारखी, आणि प्रत्येक खोलीला तिच्या वाट्याची. बाहेर जाणारी हवा जास्त झाली तर तूट भरायला घर मिळेल त्या फटीतून गरम, धुळीची हवा ओढतं, तीही कोअर आणि फिल्टर चुकवून. आत येणारी फार जास्त झाली तर तिला निववायला पुरेशी गार हवा पलीकडून जात नाही. दोन्हींतला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. आपल्याकडे मी सप्लाय ४-५ टक्के जास्तच ठेवायला सांगतो, कारण धूळ. घरात किंचित दाब असला की फटींतून हवा बाहेर निघते. अतिथंड प्रदेशात असं करत नाहीत, तिथे घरातली दमट हवा भिंतीत जाऊन गारठते. विटा-प्लास्टरच्या आपल्या भिंतींना ती भीती नाही.

मोजणीसाठी पिटॉट ट्यूब आणि मॅनोमीटर (पाइपातल्या हवेचा दाब मोजायची साधनं) घेऊन येणारे असतात. १६० मिलीमीटरच्या पाइपात १.८ मीटर वेगाला मिळणारा दाब जेमतेम २ पास्कल असतो आणि साध्या मॅनोमीटरची चूकच एक-दोन पास्कलची. तो आकडा घेऊ नका. काही यंत्रांच्या दारावर कोअरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजायची छिद्रं आणि सोबत तक्ता असतो. असेल तर तो वापरा. नसेल तर ग्रिलवर मोजा, पण तेही नुसतं अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) ग्रिलसमोर धरून नाही. ग्रिलमधून हवा सगळीकडे सारखी निघत नाही, दोन इंच सरकवलं की आकडा दुप्पट होतो.

त्यासाठी एक नरसाळं करा. प्लास्टिकची बादली घ्या, तिच्या तळाला ११० मिलीमीटरच्या पाइपाचा ३० सेंटीमीटरचा तुकडा हवाबंद बसवा, बादलीच्या काठाला फोमची पट्टी चिकटवा. काठ ग्रिलभोवती सीलिंगला घट्ट दाबून धरला की ग्रिलची सगळी हवा त्या पाइपातून जाते. पाइपाच्या तोंडाशी १०० मिलीमीटर पात्यांचं व्हेन अ‍ॅनिमोमीटर. आतला व्यास १०४ मिलीमीटर असेल तर सेकंदाला मीटरमध्ये आलेल्या वेगाला ३०.६ ने गुणा, ताशी घनमीटर मिळतील. १.१४ आला तर ३५. ०.८२ आला तर २५. रिटर्नला अ‍ॅनिमोमीटर उलटा धरायचा, बाण हवेच्या दिशेने. नरसाळ्यामुळे हवा थोडी अडते, पण सगळीकडे सारखीच, त्यामुळे तुलना बरोबर राहते.

अ‍ॅनिमोमीटर मिळालाच नाही तर कचऱ्याची मोठी पिशवी. तिच्या तोंडाला तारेची चौकट लावा. पूर्ण पिचकवून सप्लायवर धरा आणि ती फुगायला किती सेकंद लागतात ते मोजा. रिटर्नला उलट, भरलेली पिशवी लावून ती चपटी व्हायला लागणारा वेळ. १०० लिटरची पिशवी ताशी ३५ घनमीटरला साधारण १० सेकंदांत भरते. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजून सरासरी घ्या.

मोजायच्या आधी: फिल्टर स्वच्छ, खिडक्या आणि बाहेरची दारं बंद, बेडरूमची दारंही बंद (रात्री ती तशीच असणार), चिमणी आणि एक्झॉस्ट पंखे बंद, सगळे डॅम्पर पूर्ण उघडे. वेळ पहाटेची, वारा पडलेला असताना. यंत्र रोज ज्या वेगावर चालणार त्याच वेगावर ठेवा. एकदा सगळ्या ग्रिलचे आकडे घेऊन कागदावर लिहा. डॅम्परला अजून हात लावू नका.

उदाहरणादाखल पहिले आकडे असे आले धरू: मोठी बेडरूम ४१, दुसरी २२, तिसरी १९, हॉल ५२. एकूण १३४. रिटर्न ३८ आणि ६०, एकूण ९८. इथे सप्लाय आवळून ९८ वर आणायचा मोह होतो. तसं करू नका. आधी विचारा की रिटर्न कमी का? पाइप जवळपास तेवढाच, पंखा तसलाच, मग ३६ घनमीटरचा फरक कुठून? बहुतेक वेळा उत्तर यंत्राजवळच्या फ्लेक्सिबलमध्ये पडलेली मुरड, फिल्टरवर राहिलेलं प्लास्टिकचं वेष्टण किंवा ईएच्या काउलची न उघडणारी झडप यांपैकी एक निघतं. ते काढा आणि पुन्हा मोजा. रिटर्न १२५-१२८ वर आला की पुढे.

आता सप्लायचं वाटप. प्रत्येक खोलीचा आलेला आकडा तिच्या ठरलेल्या आकड्याने भागा: ४१ भागिले ३५ म्हणजे १.१७, मग ०.८८, ०.७६ आणि हॉल १.४९. सर्वांत कमी तिसऱ्या बेडरूमचा. तिचा डॅम्पर पूर्ण उघडाच राहणार, शेवटपर्यंत. दुसऱ्या बेडरूमपासून सुरू करा. तिचा डॅम्पर थोडा थोडा मिटवत तिचं आणि तिसरीचं गुणोत्तर सारखं करा. मग मोठी बेडरूम, मग हॉल. एक मिटवला की बाकीच्यांत हवा वाढते, म्हणून दरवेळी तिसऱ्या बेडरूमचा आकडा पुन्हा घ्यायचा. शेवटी चारही गुणोत्तरं एकाच आकड्यावर, समजा १.०७ वर येतील. मग पंख्याचा वेग उतरवला की चारही खोल्या एकदम १ वर येतात. हाच क्रम महत्त्वाचा: आधी खोल्यांचं आपसातलं प्रमाण, एकूण हवा नंतर. उलट केलं तर तासन्‌तास डॅम्परमागे धावावं लागतं.

रिटर्नच्या दोन तोंडांनाही तसंच. यंत्रात ईसी (वेग बदलता येणाऱ्या) मोटर असतील आणि दोन्ही पंख्यांचे वेग वेगळे ठरवता येत असतील, तर एकूण हवा वेगानेच जुळवा, मुख्य डॅम्पर आवळून नाही. डॅम्पर आवळणं म्हणजे वीज खर्चून दाब तयार करायचा आणि लगेच वाया घालवायचा. जुळलं की डॅम्परचे स्क्रू पक्के करा, दांडीची जागा मार्करने आखा आणि सगळे आकडे तारखेसह ट्रॅपडोअरच्या आतल्या बाजूला चिकटवा.

ताळा करायला एक उदबत्ती पुरते. समोरचं दार बोटभर उघडून फटीशी धरा. धूर किंचित बाहेर झुकला तर ठीक. सरळ आत ओढला गेला तर रिटर्न जास्त आहे.

कोअरचा ताळा दुपारी घ्या, बाहेर चांगलं तापलेलं असताना. बाहेरची हवा ४३, परत येणारी २७ आणि खोलीत सोडली जाणारी ३१.५ असेल, तर ४३ वजा ३१.५ भागिले ४३ वजा २७, म्हणजे ७२ टक्के. हा आकडा ८५-९० दिसला तर खूश होण्याआधी हवा पुन्हा मोजा. रिटर्न खूप जास्त आणि सप्लाय कमी असला की थोड्याशा हवेला भरपूर गारवा मिळतो आणि हिशेब झकास दिसतो. प्रत्यक्षात तेवढीच तप्त हवा खिडक्यांच्या फटींतून आत येत असते.

ईआरव्हीबरोबर काय चालवू नये

कूलर. डेझर्ट कूलर ताशी दोन-चार हजार घनमीटर हवा आत ढकलतो आणि त्याला खिडक्या उघड्या लागतात. कूलर चालू असताना ईआरव्ही बंद ठेवा, ते निव्वळ वीज खातं. मार्च ते मान्सूनपर्यंत घर कूलरवरच राहणार असेल तर तेवढे महिने ईआरव्हीचं कामच नाही. तसंच जुन्या धाब्याच्या घराला किंवा रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपणाऱ्या घराला हा खर्च सांगू नये.

चिमणी. घरगुती चिमणी ताशी १००० घनमीटरच्या आसपास हवा ओढते, तुमच्या ईआरव्हीच्या आठपट. ती चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडा, नाहीतर न्हाणीच्या जाळीतून वास आणि दाराखालून धूळ येणारच. ती उणीव ईआरव्हीचं कुठलंही बॅलन्सिंग भरून काढू शकत नाही.

आणि गॅस गीझर. तो न्हाणीघरात असेल तर ईआरव्हीचं काम थांबवा आणि आधी तो बाहेरच्या, कायम उघड्या जागेत हलवा. एक्झॉस्टने ओढ पडलेल्या बंद घरात गीझरचा कार्बन मोनॉक्साइड आतच राहतो. त्याला वास नसतो, आणि माणूस दार उघडायच्या आत बेशुद्ध होतो. ईआरव्ही लावलंय म्हणून चालेल, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पहिलं सुरू करणं आणि देखभाल

टाइल्स कापणं, पीओपी घासणं, रंग, हे सगळं संपेपर्यंत यंत्र चालू करू नका. पाइपांची तोंडं टेपने बंद ठेवा. पीओपीची भुकटी कोअरमध्ये गेली तर नवा कोअर पहिल्याच महिन्यात जुना होतो.

युटिलिटीतला जी४ फिल्टर मार्च ते जून आणि जिनिंगच्या हंगामात दर १५ दिवसांनी, एरवी महिन्याने धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका. सप्लायचा फिल्टर बाहेरची धूळ खातो म्हणून तो रिटर्नच्या आधी भरतो, आणि सप्लायची जमवलेली ५ टक्क्यांची आघाडी गुपचूप उलटी होते. घरात एकाएकी धूळ वाढली तर आधी हाच फिल्टर बघा. कागदी कोअर कधीही धुवायचा नाही, व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने दोन्ही तोंडं साफ करायची. धुता येणारा असेल तर त्यावर तसं छापलेलं असतं. पहिला पाऊस पडून गेला की जाळी आणि काउल साफ करून सगळी ग्रिलं पुन्हा एकदा मोजा आणि ट्रॅपडोअरवरच्या कागदाशी ताडा. यंत्रात बायपास (कोअर टाळून हवा नेणारी वाट) असेल तर एप्रिलच्या उत्तररात्री आणि हिवाळ्यात तो वापरा, त्या वेळी बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार असते. नसेल तर सरळ खिडक्या उघडा.

राहिला इन्व्हर्टर. या वेगावर दोन्ही पंखे मिळून बहुधा १०० वॅटच्या आतच राहतात, तेव्हा चालेल. यंत्राला वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी, १.५ चौरस मिलीमीटरची वायर आणि अर्थिंग द्या आणि ती लाइन इन्व्हर्टरच्या सर्किटवर घ्या. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते. लाइट आल्यावर यंत्र आपोआप आधीच्याच वेगावर सुरू होतं का, हे मेन स्विच पाडून एकदा तपासा. काही यंत्रं बंदच राहतात आणि काही थेट सर्वांत जास्त वेगावर उठतात. दोन्हींची सेटिंग कंट्रोलरमध्ये असते, ती बसवणारा निघून जायच्या आत त्याच्याकडूनच करून घ्या.